पाहुणी नव्हे, घरची!

मैत्रिणींनो, समजा, एके दिवशी संध्याकाळी चहा घेता घेता तुमच्या यजमानांनी सहज सांगितलं, "अगं, आमच्या क्लबातर्फे एक परदेशी मुलगी येतेय. चार महिने आपल्याकडे राहील. मी हो म्हणून टाकलंय." तर तुमच्या मनात पहिलं काय येईल? अगदी खरं सांगा हं! जगाच्या मैत्रीचा विचार नंतर. आधी डोळ्यांपुढे येतील त्या घरातल्या गाद्या-चादरी, न्हाणीघराची न लागणारी कडी, नळाला दिवसाआड येणारं पाणी आणि सासूबाईंचा चेहरा. ती खाणार काय? भाकरी चालेल का? तिखटानं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तर? आणि बोलायचं कोणत्या भाषेत?

मी सोनपेठची. परभणी जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. तालुक्याच्या कडेनं गोदामाई वाहते, शेजारी गंगाखेड आणि पाथरी, पलीकडे परळी वैजनाथ. आमच्याकडे पाहुणे म्हणजे परळीला दर्शनाला निघालेले, नाहीतर लग्नसराईतले. एक रात्र, फार तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिलेल्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण तर आपल्या सगळ्यांनाच पाठ आहे. मग चार-चार महिने राहणारी पाहुणी सांभाळायची कशी?

उलट बाजूही आहे. आता तालुक्याच्या गावांतल्या मुलीही शिकायला, काम करायला, सेवा करायला परदेशी जातात. तिकडे त्यांना कुणाच्या तरी घरी राहावं लागतं. इथली आई रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तेच प्रश्न उलट्या बाजूनं विचारत असते. माझी लेक तिथे जेवली असेल का? तिला कुणी मायेनं विचारत असेल का?

म्हणून आजचा हा लेख. आलेल्या लेकीचा आणि गेलेल्या लेकीचाही.

शाळा असते स्वयंपाकघरात

परक्या देशात जाऊन काम करायचं तर आधी तिथली भाषा यायला हवी, चालीरीती कळायला हव्यात. हे शिकायचं कुठे? १९३२ मध्ये डोनाल्ड वॉट नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी काही तरुणांना युरोपात नेलं. पहिल्या खेपेला निरनिराळ्या देशांच्या मुलांची एकत्र छावणी भरवली. पण एकत्र राहूनही मुलं आपापल्या देशवाल्यांतच रमतात, असं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी मुलांना घराघरांत राहायला पाठवलं, आणि ही युक्ती लागू पडली. त्यांच्या 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' या संस्थेमुळे परक्या घरात राहून शिकण्याची पद्धत रूढ झाली.

पुढे १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी 'पीस कोअर' सुरू केलं. अमेरिकन स्वयंसेवकांनी दोन वर्षं परदेशात राहून शिक्षण, शेती, आरोग्य अशी कामं करायची, अशी ती योजना. तिचे पहिले संचालक सार्जंट श्रायव्हर हे तरुणपणी वॉट यांच्याच संस्थेतर्फे युरोपात राहून आलेले. डिसेंबर १९६१ मध्ये पीस कोअरची पहिली तुकडी भारतात, पंजाबात आली. १९७६ मध्ये इथलं काम थांबेपर्यंत हजारो स्वयंसेवक येऊन गेले. कुणी कुक्कुटपालन शिकवलं, कुणी विहिरींवर काम केलं, कुणी दवाखान्यात.

सुरुवातीला या मंडळींचं प्रशिक्षण अमेरिकेतल्याच विद्यापीठांत होई. भाषेचे तास, व्याख्यानं, कवायत. पण वर्गात शिकलेली भाषा बाजारात गेल्यावर गळून पडते, हा अनुभव यायला लागला. मग प्रशिक्षण त्या त्या देशात हलवण्यात आलं. आज जगात जिथे पीस कोअर काम करतं, तिथे बहुतेक ठिकाणी नवा स्वयंसेवक पहिले सुमारे तीन महिने एका स्थानिक कुटुंबात राहतो. दिवसा भाषेचा वर्ग, आणि संध्याकाळी घरच्यांबरोबर भाजी निवडणं. त्यानंतरच खऱ्या कामाची शपथ!

अशा घराला 'यजमान कुटुंब' म्हणतात. आता 'यजमान' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोण येतं ते सांगायला नको. पण या यजमानपणाचं ओझं कुणाच्या डोक्यावर येतं, तेही सांगायला नको! त्या परक्या मुलीला 'घे गं', 'बस की', 'झालं का जेवण?' हे शिकवणारी, मिरची दाखवून 'ही तिखट आहे' आणि पोट धरून 'दुखतंय का?' विचारणारी शिक्षिका म्हणजे घरची बाई. तिला पगार नाही, हुद्दा नाही. पण शिक्षण खरं तिच्याच हाती.

आनंदीबाईंना भेटलेली मावशी

हे सगळं साहेबांच्या देशातलं खूळ आहे असं मात्र समजू नका. पीस कोअरच्या कितीतरी आधी एक मराठी मुलगी परदेशात एका घराच्या आधारानं शिकली. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी!

त्यांची विद्या आपल्याला ठाऊक आहे. पण ज्या घरानं त्यांना थारा दिला, त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या रोझेल गावी कार्पेंटरबाई राहत. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र एका मासिकात छापून आलं होतं. १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट पाहताना ते मासिक कार्पेंटरबाईंच्या हाती पडलं. ना ओळख ना पाळख, तरी बाईंनी पत्र लिहिलं. मग दोघींचा पत्रव्यवहार जवळजवळ तीन वर्षं चालला. घरचं, सणावारांचं, आजारपणाचं, मनातलं, सगळं त्या पत्रांत आलं. एकमेकींना पाहण्याआधीच आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या होत्या.

७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघं अठरा. गोपाळराव बरोबर नव्हते. 'मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन,' अशा अर्थाचं भाषण त्यांनी निघण्यापूर्वी सेरामपूरला केलं होतं. प्रवासात सोबतच्या मिशनरी बायकांनी धर्माच्या बाबतीत त्यांना पुष्कळ त्रास दिला. कार्पेंटरबाईही ख्रिश्चनच. पण त्यांच्या घरात त्या मुलीचं कुंकू, तिचं शाकाहारी जेवण, तिचा देव यांना धक्का लागला नाही. आनंदीबाई त्या घरात मुलांबरोबर राहिल्या, तिथल्या रीती शिकल्या आणि आपल्या त्यांना शिकवल्या. एकदा तर आपल्या पद्धतीची पंगत मांडून अमेरिकन बायकांना जमिनीवर बसवून जेवू घातलं! त्या थंडीत नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून साडी गुजराती पद्धतीनं नेसायला लागल्या. मोडल्या नाहीत, थोड्या वाकल्या.

पण पुढे काय झालं तेही ऐका. कॉलेज फिलाडेल्फियाला होतं. तिथे मावशीचं घर नव्हतं. खोली नीट गरम होत नसे, शेगडीचा धूर कोंडे, आणि अभ्यास सांभाळून स्वतःचं जेवण स्वतःच रांधायचं. तब्येत ढासळत गेली. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही ठरली होती. पण परत आल्या त्या क्षयानं पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, तेव्हा वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या. पकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या घरच्याच माणसांच्या शेजारी आनंदीबाईंना जागा मिळाली. पाहुणीला कुणी आपल्या घराण्याच्या स्मशानात जागा देतं का? ती घरची झाली होती, म्हणून दिली.

मैत्रिणींनो, या कथेतून मला एक गोष्ट फार टोचते. बुद्धी होती, जिद्द होती, ध्येय होतं. कमी पडली ती एक ऊबदार खोली आणि आयतं गरम ताट. घर म्हणजे काय चीज आहे, ते यावरून समजावं.

विक्रोळीतली अडुसष्ट वर्षांची स्वयंसेविका

आता उलट दिशेनं आलेली एक बाई पाहू. नाव लिलियन कार्टर. जन्म १५ ऑगस्ट १८९८ चा, म्हणजे वाढदिवस आपल्या स्वातंत्र्यदिनाचा! अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली ही नर्स. चार मुलांची आई, पती वारलेले. दूरदर्शनवर पीस कोअरची जाहिरात पाहिली, 'वयाची अट नाही' हे ऐकलं, आणि बाईंनी अर्ज केला. आपल्याकडे त्या वयात बायका नातवंडं आणि गुडघे सांभाळतात!

१९६६ मध्ये शिकागो विद्यापीठात त्यांचं प्रशिक्षण झालं. त्यात मराठीचेही धडे होते. मग मुंबईत विक्रोळीला, गोदरेजच्या वसाहतीत त्यांची रवानगी झाली. पहिलं काम मिळालं कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचं. परक्या बाईनं परक्या पुरुषांना नसबंदीचं पटवून द्यायचं! त्यांना ते काही रुचेना. मग वसाहतीच्या दवाखान्यात त्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करू लागल्या आणि तिथे त्यांचा जीव रमला. महारोगाची एक लहान मुलगी उपचाराला आली, तेव्हा तिला हात लावायच्या कल्पनेनं आधी त्यांच्या पोटात गोळा आला होता. पुढे त्याच हातांनी त्यांनी तिची शुश्रूषा केली. त्यांचा मुलगा जिमी कार्टर पुढे १९७७ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला. १९९५ च्या त्याच्या कवितासंग्रहात या प्रसंगावर एक कविता आहे.

लिलियनबाईंना राहायला यजमान कुटुंब नव्हतं, वसाहतीतली एक सदनिका होती. सुरुवातीला एकटेपणानं त्या फार खंतावल्या. दर आठवड्याला घरी लांबलचक पत्रं लिहीत. तीच पत्रं १९७७ मध्ये पुस्तकरूपानं निघाली. हळूहळू शेजार जुळला, वसाहतीतली माणसं जवळची झाली. सत्तर वर्षं पुरी झाल्यावर १९६८ मध्ये त्या परत गेल्या, त्या विक्रोळी मनात घेऊनच.

'मॅक्सीन मावशी' आणि जामखेडच्या बाया

काही माणसं परत गेलीच नाहीत. डॉ. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. १९६६ मध्ये त्या साताऱ्याकडच्या फलटणला आल्या, तिथल्या लोकांच्या बोलण्याचा अभ्यास करायला. ओट्यावर, बाजारात, वस्तीत माणसं कशी बोलतात ते त्यांनी कान देऊन ऐकलं. फलटणच्याच लेखिका जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचं व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. ती पुस्तकं १९७५ मध्ये निघाली. १९७८ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या. शाळेत मागे पडणाऱ्या गरिबाघरच्या मुलांना वाचायला शिकवणं, हे त्यांनी आयुष्याचं काम मानलं. फलटण त्यांना 'मॅक्सीन मावशी' म्हणतं. पाहा, पुन्हा मावशीच!

अमेरिकन कॉलेजांचे विद्यार्थीही कित्येक वर्षं पुण्यात येऊन मराठी कुटुंबांत राहून आपली भाषा शिकत. पण तुम्ही म्हणाल, 'पुण्याच्या गोष्टी पुण्याला! आमच्यासारख्या कमी शिकलेल्या बायकांकडून कोण काय शिकणार?' मग जामखेडचं उदाहरण घ्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याला लागूनच अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात हे गाव आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं तिथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावोगावच्या बायका, त्यातल्या कितीतरी निरक्षर, निवडून त्यांना बाळंतपण, जुलाब, पोषण, लसीकरण शिकवलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज तिथे देशोदेशीचे डॉक्टर आणि कार्यकर्ते शिकायला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या गावातल्या बायाही असतात. जिच्या सहीच्या जागी अंगठा होता, ती परदेशी डॉक्टरला धडा देते! मग तुम्ही-आम्ही आपल्याच स्वयंपाकघरात शिक्षिका व्हायला का कचरावं?

घरी राहायला येणार असेल तर

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पीस कोअर भारतातून गेलं, पण रोटरी, एएफएस अशा संस्थांच्या विद्यार्थी-विनिमय योजना चालू आहेत. त्यांतून पंधरा ते एकोणीस वयाची मुलं-मुली परदेशी घरांत काही महिने ते वर्षभर राहतात. अशी मुलगी तुमच्याकडे येणार असेल तर या गोष्टी लक्षात ठेवा.

१) होकार सगळ्यांचा हवा. नवऱ्यानं परस्पर 'हो' म्हणायचं आणि बायकोनं निस्तरायचं, असं नको. किती दिवस राहणार, खर्च कुणाचा, आजारपणात कुणाला फोन करायचा, विमा आहे का, नाही पटलं तर घर बदलून मिळेल का, हे संस्थेला आधीच विचारा. रोटरी आणि एएफएसच्या यजमान कुटुंबांना मोबदला मिळत नाही. पीस कोअर मात्र आपल्या कुटुंबांना ठरावीक रक्कम देतं. संस्था तुमच्या घराची आणि घरातल्या मोठ्या माणसांची चौकशी करील, तिचा राग मानू नका. तुमची लेक कुणाकडे जाणार असती, तर तुम्हीही केलीच असती.

२) नोंद विसरू नका. परदेशी व्यक्ती घरी उतरली की चोवीस तासांच्या आत सरकारकडे तिची माहिती द्यावी लागते. ती कशी भरायची हे संस्थेकडून आणि पोलीस ठाण्यातून आधीच समजून घ्या.

३) एक कोपरा तिचा. स्वतंत्र खोली नसली तरी चालेल. पण कडी लागणारं न्हाणीघर, कुलपाचं कपाट आणि दार लोटून घेता येईल अशी झोपायची जागा हवीच. आपल्याकडे दार लावून बसणं म्हणजे रुसणं. तिच्याकडे ते रोजचंच आहे. घरातल्या पोरांना हे नीट समजावून सांगा.

४) पोटाची काळजी. पहिले आठ-दहा दिवस तिला उकळून गार केलेलंच पाणी द्या. ठेचा, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी पानात वाढा, पण चिमूटभर. आधी वरणभात, तूप लावलेली पोळी, मग ज्वारीची भाकरी, आणि महिन्यानं ती स्वतःच धपाटे मागेल! तरी जुलाब लागलेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे (चहाचे) साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजत राहा. मोजमाप चुकवू नका, जास्त मीठ अपाय करतं. ताप आला, शौचातून रक्त पडलं किंवा ग्लानी वाटली तर लगेच डॉक्टर.

५) काम द्या. हा मुद्दा सर्वांत मोठा. आपण पाहुण्याला ताट उचलू देत नाही, आणि त्यानंच त्याला परका ठेवतो. आठवड्याच्या आत तिला एक ठरलेलं काम द्या. पाणी भरणं, भाजी निवडणं, कपडे वाळत घालणं, काहीही. भाकरी थापताना ती मोडली तर हसा, पण तिच्याबरोबर हसा. कामाबरोबर शब्द येतात. परात, काठवट, उलथणं, चिमटा हे काही वर्गात फळ्यावर शिकवत नाहीत.

६) बोला सावकाश, ओरडून नव्हे. समजलं नाही की आपण आवाज चढवतो. ती बहिरी नाही हो! लहान वाक्यं बोला, वस्तू दाखवा. पोरं तिच्याशी दिवसभर इंग्रजीच झाडतील. त्यांना ठरावीक एक तास द्या, बाकी वेळ मराठी. आपल्या भाषेत दोन गोष्टी परदेशी माणसाला फार अडवतात. एक, टेबल 'ते' आणि खुर्ची 'ती' का! दुसरी, 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. 'आम्ही जेवतो' म्हणजे तू वगळून, आणि 'आपण जेवू' म्हणजे तुला धरून. हा फरक व्याकरणानं समजतो, पण अंगी मुरतो तो पंगतीतच.

७) नाजूक गोष्टी आधीच सांगा. देवघराचा नियम, चपला कुठे काढायच्या, रात्री किती वाजेपर्यंत यायचं, पाळीच्या दिवसांत तुमच्याकडे काय रीत आहे, हे घरातल्या बाईनं शांतपणे सांगावं. तुमची रीत तिच्यावर लादू नका. 'आमच्याकडे असं असतं, तुला काय सोयीचं?' एवढं विचारलं की पुष्कळ गैरसमज टळतात. शेजारणींनाही समज द्या. 'लग्न का नाही केलं, बाप किती कमावतो' हे प्रश्न आपल्याकडे आपुलकीचे, पण तिला ते चौकशीसारखे वाटतात. आणि घरातल्या वा बाहेरच्या कुणा पुरुषाच्या वागण्यानं ती अवघडली असेल, तर तिचा शब्द आधी ऐका.

८) गप्प झाली तर घाबरू नका. पहिले काही दिवस नवलाईचे. मग एक वेळ अशी येते की मुलगी खात नाही, बोलत नाही, झोपून राहते. माहेरची आठवण! आपण सासरी आलो तेव्हा आपलंही हेच झालं होतं, आठवतं ना? डोक्यावरून हात फिरवा, तिच्या आईशी फोनवर बोलू द्या, तिच्या आवडीचं काही करायला सांगा. महिना होऊनही ती तशीच राहिली तर संस्थेला कळवा.

९) तुमचाही रविवार असू द्या. चार महिने रोज पुरणावरणाचा थाट मांडाल तर दुसऱ्या महिन्यात ती तुम्हाला डोईजड होईल. रोजचंच जेवण रोज करा. आठवड्यातून एक वेळ तिनं तिच्याकडचा पदार्थ करावा आणि घरातल्या पुरुषांनी भांडी घासावीत. परदेशी मुलीसमोर लाजेकाजेनं का होईना, ते घासतील!

आपली लेक जाणार असेल तर

आता आनंदीबाईंची आठवण ठेवून पुढचं वाचा. लेक परदेशी जाणार म्हटलं की आपण लोणच्याच्या बरण्या बांधतो. त्या बांधाच, पण आधी प्रश्न विचारा. ज्या घरी राहणार त्याचा पत्ता, घरात कोण कोण आहे, खोली गरम राहते का, शाकाहारी जेवण जमेल का, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेईल, विमा कशाकशाचा आहे, आणि त्या घरी नाही जमलं तर तिनं कुणाला सांगायचं. ही उत्तरं लेखी मिळाली पाहिजेत. ती न देता नुसतं 'काळजी करू नका' म्हणणाऱ्या संस्थेची मात्र काळजी करा.

'स्वयंसेवक' म्हणून पाठवतो असं सांगून पैसे उकळणारे आणि तिकडे घरकामाला जुंपणारेही असतात. काम काय, रोज किती तास, सुट्टी कधी, व्हिसा कोणत्या कारणाचा, हे कागदावर पाहिल्याशिवाय पैसा देऊ नका. पासपोर्ट तिनं स्वतःजवळच ठेवावा, त्याची प्रत तुमच्याकडे असावी. तिथल्या भारतीय वकिलातीचा फोन नंबर दोघींनी लिहून ठेवा. परदेशात अडकलेल्यांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयानं २०१५ मध्ये 'मदद' नावाची सोय केली, तीही माहीत असू द्या.

आणि तयारी घरापासून करा. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असते. १९६९ मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी ती सुरू झाली. तिचं सात दिवसांचं निवासी शिबिर एखाद्या खेड्यात होतं. 'पोरीला कुठे पाठवायचं शिबिराला?' म्हणून आपण पाय मागे घेतो. पण घराबाहेर झोपणं, परक्यांच्या घरी पाणी मागणं, दहा जणींत मिळून स्वयंपाक करणं याचा पहिला धडा तिथेच मिळतो. खेड्यात सात दिवस न राहिलेली मुलगी परदेशात वर्षभर कशी राहणार? तिला चार पदार्थ करता यावेत, स्वतःचे कपडे धुता यावेत, आणि नको तिथे ठामपणे 'नको' म्हणता यावं. यातलं शेवटचं शिकवायला आपणच विसरतो.

तिला आणखी एक सांगा. त्या घरात पाहुणी म्हणून बसू नकोस. सकाळी उठून अंथरूण आवर, जेवल्यावर ताट उचल, त्या बाईला विचार, 'मी काय करू?' तिची भाषा तोडकीमोडकी बोल, पण बोल. तुझा धर्म, तुझं खाणं, तुझ्या रीती संकोच न करता सांग, आणि त्यांच्याही ऐक. आनंदीबाईंनी हेच केलं होतं.

राहता राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. 'आता आमचं वय झालं' असं जिच्या तोंडी येईल, तिनं विक्रोळीची ती अडुसष्ट वर्षांची नर्स आठवावी. परदेशी जाणं सगळ्यांना जमायचं नाही. पण आपल्या घरात एक परकी लेक वाढवणं, ही सेवा आपल्या हातातली आहे. त्यासाठी ना पासपोर्ट लागतो, ना इंग्रजी.

तेव्हा पाहुणी आली की पहिल्या दिवशी तिला खुशाल पुरणपोळी वाढा. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या हातात लाटणं द्या. मग एक दिवस ती 'तुमच्या घरी' म्हणता म्हणता 'आपल्या घरी' म्हणून जाईल. तो शब्द ऐकलात की समजा, तिचं शिक्षण पुरं झालं.